'आमची मुलं फिरायला न्यायच्या लायकीचीच नाहीत का?'

मी समुपदेशक आहे. सुट्ट्या संपल्या की पालकांची एक ठरावीक तक्रार माझ्याकडे येते. एवढा खर्च करून मुलांना नेलं आणि त्यांनी सगळ्याचा विचका केला. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून त्यातली एक हकीकत सांगते.

नाशिकरोडचं जोडपं. वडील अंबडच्या कारखान्यात, आई बँकेत. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. दिवाळीनंतर स्वतःच्या गाडीने ताडोबाला गेले आणि परतताना नवरा-बायकोचं असं वाजलं, की नंतर आठवडाभर अबोला. निमित्त धाकट्याचं. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, चितळाचा कॉल (वाघ जवळपास असल्याचा इशारा) आला, गाईडने जिप्सी थांबवायला लावली, सगळे श्वास रोखून बसले आणि याने भोकाड पसरलं. त्याला शू लागली होती. जंगलात खाली उतरायला परवानगी नसते. बाजूच्या जिप्सीतले लोक वळून बघायला लागले, वडिलांनी चिमटा काढला, रडणं दुप्पट झालं. वाघ काही दिसला नाही.

"हा मुळातच हट्टी आहे," वडील म्हणाले. "तुम्हीच लाडावून ठेवलाय," आईने तिथल्या तिथे परत केलं.

हट्टीपणावर मी काहीच बोलले नाही. कोरा कागद दिला आणि त्या दोन दिवसांत धाकटा कुठे, किती वेळ होता, काय खाल्लं, किती झोपला, एवढंच ताशी लिहायला सांगितलं. लिहिता लिहिता आईचा हात मंदावला. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यापासून नागपूर, तिथून पुढे रिसॉर्ट, असा सातशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास एका दिवसात. समृद्धीवर वाटेल तिथे थांबता येत नाही आणि लवकर पोहोचायचं म्हणून जिथे थांबता येत होतं तिथेही थांबले नाहीत. रात्री अकराला झोप, पहाटे साडेचारला उठवलेलं. पोटात दोन बिस्किटं. मग थंडीत उघड्या जिप्सीत चार तास. त्यात घरी जेवताना, गाडीत, दवाखान्यात, सगळीकडे त्याच्या हातात असणारा मोबाईल नेमका त्या दिवशी नव्हता, कारण ताडोबाच्या कोअरमध्ये तो नेऊच देत नाहीत. (नियम उत्तमच आहे. पण ज्या मुलाला मोबाईलशिवाय थांबायची सवयच लावलेली नाही, त्याने ती जंगलात पहिल्यांदा शिकावी, ही अपेक्षा जरा जास्त झाली.)

चार वर्षांचं मूल दमतं तेव्हा "मी दमलो" म्हणत नाही, चिडतं. पालक त्याला स्वभाव म्हणतात. मी आधी झोप, भूक आणि शू बघते. मुलीला समृद्धीवर उलट्या झाल्या, त्यालाही आईने "नाटकं" म्हटलं होतं. ती मान खाली घालून गेम खेळत होती. कानाच्या आतला भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय, डोळे स्थिर पडद्याकडे, आणि या गोंधळातून मळमळ होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. दूरवर बघत बसणं, हलकं खाणं आणि मधूनमधून थांबणं याने बराच फरक पडतो.

खरी गाठ मात्र निराळीच होती. दुसऱ्या भेटीत वडील एकटेच बोलत राहिले. थोरल्या भावाच्या कुटुंबाला ताडोबात वाघीण बछड्यांसह दिसली होती आणि ते फोटो घरच्या ग्रुपवर आजही फिरतात. म्हणजे धाकट्याच्या रडण्याने वाघ गेला, असं नव्हतं. भावाला दाखवायचा फोटो गेला होता. सहलीचा निकाल लावायचं काम आपण चार वर्षांच्या पोरावर टाकलं, हे त्यांना पटायला वेळ लागला. चिमट्याबद्दल त्यांनी घरी जाऊन मुलाची माफी मागितली, तीही मी न सुचवता.

मी घरचा अभ्यास दिला तो छोटा. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी येतात, पायी फिरता येतं, मनोऱ्यावर चढता येतं, आणि कंटाळा आला तर जेवणाच्या वेळेला नाशिकला परत. मोबाईल गाडीच्या डिकीत. धाकटा पक्ष्यांपेक्षा चिखलातच जास्त रमला. आईने मला हे तक्रारीच्या सुरात सांगितलं आणि मग स्वतःच हसली.

आता मार्चमध्ये पुन्हा ताडोबा ठरतंय. वाटेत वर्ध्याला एक मुक्काम. मंगळवारी कोअर बंद असतो, तो दिवस विश्रांतीला. सफारी एकच, आणि तीही मुलगी एका पालकाबरोबर जाईल, धाकटा दुसऱ्याबरोबर रिसॉर्टवर राहील. कोण कोणाबरोबर, यावर अजून भांडण आहे, पण हसत. वाघ नाही दिसला तर भावाला काय सांगायचं, हे वडिलांना अजून सुचलेलं नाही. त्यासाठी पुढची भेट ठेवली आहे.