ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्या डिफेन्समनचं पुढे काय होतं?

तुमचा भाचा 19 वर्षांचा, ओंटारियोत ज्युनियर आइस हॉकी खेळतो, डिफेन्समन (बचावपटू) आहे आणि याही वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल या सर्वात वरच्या लीगचे संघ नवी मुलं निवडतात त्यात, त्याचं नाव आलं नाही. ताई म्हणतात की मायनर लीगमध्ये (एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये) गेला तर पोरगा ना इकडचा राहील ना तिकडचा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "हे आपल्या रणजीसारखंच ना?"

अर्धं हो. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियात हर्शीजवळ राहतो (हो, चॉकलेटवालं हर्शीच). 2008 पासून हर्शी बेअर्स या संघाचा सीझन पास आहे, त्यामुळे एएचएल (एनएचएलच्या लगेच खालची लीग) बऱ्यापैकी पाहून झालंय. 32 संघ, प्रत्येक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेला. आमचा वॉशिंग्टन कॅपिटल्सशी. म्हणजे हर्शीत कोण खेळणार यातलं बरंचसं वॉशिंग्टनमध्ये ठरतं. रणजीत असं नसतं. पद्माकर शिवलकरांना भारताची टोपी मिळाली नाही, पण चाळिशीतही ते मुंबईकडून बॉलिंग टाकत होते. वयस्कर खेळाडूंचा कोटा भरला म्हणून त्यांना कुणी बसवलं नाही.

इथे कोटा आहे. सामन्यात उतरणाऱ्या 18 खेळाडूंपैकी (गोलकीपर वेगळे) किमान 13 जण 'डेव्हलपमेंट प्लेयर' असावे लागतात, म्हणजे ढोबळमानाने 260 किंवा त्याहून कमी व्यावसायिक सामने खेळलेले. त्यांतल्या एकाला 320 पर्यंत सूट. एएचएलचा हंगाम 72 सामन्यांचा, तेव्हा चौथ्या हंगामाच्या आसपास, वयाच्या पंचविशीतच मुलगा कागदोपत्री 'व्हेटरन' होतो. व्हेटरनच्या जागा संघात पाच-सहाच. त्याच्या खालच्या ईसीएचएल लीगमध्ये तर चारच. ताईंना जी भीती वाटतेय ती खरं तर या नियमाची आहे, फक्त त्यांना नियम माहीत नाही.

आता ब्रायन हेल्मरची गोष्ट सांगते. तो तुमच्या भाच्याच्याच प्रांतातला, सू सेंट मेरीचा. ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नाही. 1993 मध्ये तो न्यू जर्सी डेव्हिल्सच्या हाताखालच्या ऑल्बनी रिव्हर रॅट्सकडे आला. 1995 च्या उन्हाळ्यात डेव्हिल्सनी एनएचएलचा स्टॅनले कप जिंकला आणि ऑल्बनीने एएचएलचा कॅल्डर कप. हेल्मर ऑल्बनीत, आणि वर न्यू जर्सीत स्कॉट स्टीव्हन्स, नीडरमायर, डॅनिको ही बचावपटूंची भिंत. पाच हंगाम त्या भिंतीखाली काढले, डेव्हिल्सकडून एनएचएलचा एकही सामना मिळाला नाही. पहिला सामना मिळाला तो फिनिक्सकडून, 26 व्या वर्षी. मग सेंट लुईस, व्हँकुव्हर, वॉशिंग्टन. मधल्या काळात एएचएलचे वूस्टर, मॅनिटोबा, ग्रँड रॅपिड्स, सॅन अँटोनियो. एनएचएलचे सगळे मिळून 146 सामने. एएचएलचे 1,117. आणि 564 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), जे एएचएलमध्ये आजवर कुठल्याही डिफेन्समनने केलेले सर्वाधिक आहेत.

आजच्या पट्टीने मोजलं तर त्यातले साडेआठशेहून जास्त सामने तो व्हेटरनच्या जागेवर खेळला. पाच-सहातली एक खुर्ची, दर वर्षी, वेगवेगळ्या मॅनेजरांनी त्याच्यासाठी अडवून ठेवली. का?

ते मला टीव्हीवर कधी कळलं नव्हतं, गोलमागच्या कोपऱ्यात बसल्यावर कळलं. पक (खेळायची रबरी चकती) आपल्या गोलमागे जातो, डिफेन्समन तो आणायला पाठ फिरवून पळतो आणि मागून दोघं अंगावर येत असतात. त्याला मागचं काहीच दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे त्याचा जोडीदार आणि गोलकीपर, आणि ते ओरडून सांगतात. "व्हील!" म्हणजे पक घेऊन तसाच जाळीमागून वळून निघ. "रिव्हर्स!" म्हणजे आलास तिकडेच मागे सोड, मी आहे. "ओव्हर!" म्हणजे जाळीमागून पलीकडे माझ्याकडे दे. जेमतेम एका सेकंदाचा खेळ. हाक चुकली किंवा आलीच नाही, तर पोरगा काचेवर आदळतो, आणि तो आवाज आमच्या रांगेपर्यंत येतो. विशीतल्या जोडीदाराला वेळेवर, शांतपणे हाक देणारा माणूस मिळावा म्हणून संघ ती खुर्ची अडवतात. फॉरवर्डचे गोल आटले की त्याला कोणी ठेवत नाही. डिफेन्समनला मात्र या कामावर दहा वर्षं जास्त मिळू शकतात.

2009 आणि 2010 मध्ये हर्शीने लागोपाठ दोन कॅल्डर कप जिंकले तेव्हा कॅप्टन हेल्मर होता, छत्तिशी उलटलेला. त्याच बचावफळीत विशीही न गाठलेला जॉन कार्लसन आला होता. कार्लसनने पुढे 2018 मध्ये वॉशिंग्टनसोबत स्टॅनले कप जिंकला आणि एनएचएलमध्ये हजारावर सामने खेळला. हेल्मर 2012 पर्यंत एएचएलमध्ये खेळला, नंतर हर्शीच्याच ऑफिसात हॉकी ऑपरेशन्सचा उपाध्यक्ष झाला. 2017 मध्ये त्याला एएचएलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

अर्थात हेल्मर हा अपवाद आहे, हे ताईंपासून लपवू नका. बाकीच्यांचं आयुष्य असं: शुक्र-शनि-रवि तीन दिवसांत तीन सामने, मधे रात्रीची बस. 'टू-वे' करारात दोन पगार लिहिलेले असतात, वर बोलावलं तेवढ्या दिवसांचा मोठा, बाकी दिवसांचा छोटा. नुसता एएचएलचा करार असेल तर नवीन करार केल्याशिवाय एनएचएलला बोलावताच येत नाही. ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा आणि हंगामापुरतं राहायचं घर संघ देतो. दुखापत, बदली, पंचवीस सामन्यांचा ट्रायआउट (चाचणी करार). बरेच जण काही वर्षांत युरोपात जातात किंवा थांबतात.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर आत्ता कुठलाही करार करू दिला नसता. पूर्वी ओंटारियोच्या मेजर ज्युनियरमध्ये (ज्युनियर हॉकीची सर्वात वरची पातळी) खेळलं की अमेरिकन विद्यापीठांच्या एनसीएए हॉकीचं दार बंद व्हायचं. 2025-26 च्या हंगामापासून ते उघडलंय. तेवीस-चोविसाव्या वर्षी डिग्री हातात असलेला, अंगाने भरलेला डिफेन्समन संघांना चालतो, त्याचा 260 चा आकडा तेव्हा कुठे सुरू होतो. विद्यापीठातले सामने त्यात धरत नाहीत! ही गोष्ट मुलांचे एजंटसुद्धा कधीकधी आईवडिलांना सांगत नाहीत.

आणि एक करा. त्याचा पुढचा सामना बघायला गेलात तर दुसऱ्या पिरियडला पकवरून नजर काढा. त्या पिरियडमध्ये बाजू बदललेल्या असतात, बचावाच्या टोकापासून आपला बेंच लांब पडतो, आणि दमलेल्या डिफेन्समनला बदली घ्यायला जाता येत नाही. दीड मिनिट अडकून पडल्यावर, श्वास लागलेला असताना, तो जोडीदाराला हाक देतोय का ते ऐका. काय ऐकू आलं ते इथे लिहा.