डीएनए रिपेअरची टीम आधीपासून तयार असते का?

प्रश्न: डीएनए तुटला की रिपेअर प्रोटीन येऊन तो जोडतात असं वाचलं. ही प्रोटीनं पेशीत आधीच एकमेकांना चिकटून तयार असतात का? आणि तुटलेली जागा त्यांना सापडते कशी?

उत्तर: छोटे छोटे गट तयार असतात, पण अख्खी टीम जमते ती तुटलेल्या जागेवरच, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

समजा डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले. एमआरई११, रॅड५० आणि एनबीएस१ ही तीन प्रोटीनं मुळातच एकत्र असतात, एमआरएन म्हणतात त्यांना. ती तुटलेलं टोक पकडतात आणि एटीएम नावाच्या एन्झाइमला तिथे आणतात. एटीएम एरवी जोडीने गप्प असतं, इथे आलं की जोडी सुटते, ते चालू होतं आणि आजूबाजूच्या एच२एएक्स हिस्टोनवर (हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीनं) खूण म्हणून फॉस्फेट लावत सुटतं. आता पुढचं बघा, त्या फॉस्फेटला एमडीसी१ नावाचं प्रोटीन चिकटतं, एमडीसी१ला परत एमआरएन आणि एटीएम चिकटतात, ते आणखी पुढच्या हिस्टोनवर फॉस्फेट लावतात, असं करत करत ही खूण लाखो बेसपर्यंत (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) पसरते. एका तुटीसाठी एवढा पसारा! म्हणूनच या खुणेला चिकटणारी, चमकणारी अँटीबॉडी लावली की मायक्रोस्कोपखाली त्या जागी चक्क ठिपका दिसतो.

मग सगळं आधीच जोडून का नाही ठेवलं? एमआरई११ डीएनए कापू शकतं, असलं हत्यार चालू अवस्थेत सगळीकडे फिरणं धोक्याचंच. शिवाय यातल्या बऱ्याच पकडी एकेकट्या ढिल्या असतात, खूप जमल्या की घट्ट होतात, त्यामुळे काम झाल्यावर सुटताही येतं.

पण सुटणं नेहमी सोपं नसतं हं. दुरुस्तीच्या दुसऱ्या एका पद्धतीत कू७० आणि कू८० या प्रोटीनांची मिळून बनलेली रिंग टोकात बांगडीसारखी सरकते, आणि टोकं जोडली की रिंग मधेच अडकते, ती काढायला पेशीला वेगळी यंत्रणा लावावी लागते.

एक जरी गडी कमी पडला तरी किती बिघडतं ते बीआरसीए२ या प्रोटीनमध्ये दिसतं. त्याचं काम रॅड५१ या दुरुस्ती करणाऱ्या प्रोटीनला तुटलेल्या टोकाशी उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर नेऊन बसवायचं, तिथे आधीच आरपीए नावाचं दुसरं प्रोटीन बसलेलं असतं, त्याला हटवून. बीआरसीए२ बिघडलं तर पेशीत रॅड५१ असूनही ते नीट बसत नाही, अचूक दुरुस्ती होत नाही, आणि हा बिघाड पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या कुटुंबांत स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो.