वडिलांनी घेतलेल्या मुलाखतींच्या जुन्या कॅसेट कशा जपाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा: वडील जिल्ह्याच्या दैनिकात पत्रकार होते. १९८२ ते १९९६ या काळात त्यांनी जुने संपादक, इतिहास-संशोधक, बोलीभाषांचे अभ्यासक यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. ६५ कॅसेट माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. वडील मागच्या वर्षी गेले. दुकानदार म्हणतो, सगळं एमपी-थ्री करून पेन ड्राइव्हवर देतो, कॅसेट मग टाकून द्या. काय करावं?

टाकू नका. आणि दुकानात जायच्या आधी आईजवळ बसा.

मी पुण्यात एका लहान ग्रंथालयात ध्वनिफितींचं काम करते, बारा वर्षं झाली. सुरुवात एका निवृत्त प्राध्यापकांच्या चाळीस कॅसेटपासून झाली. त्यांच्या पुतण्यानं पिशवीत घालून आणून दिल्या होत्या. आमचा उत्साह असा की आधी चांगला डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) हवा, मग केबल हवी, मग संगणक हवा. यात आठ महिने गेले. प्राध्यापकांबरोबर मुलाखतींना जाणारा त्यांचा एक विद्यार्थी नाशिकला होता, स्वतःच सत्तरीचा. डेक आला की त्यांना बोलावू म्हणता म्हणता ते गेले. आमच्या कपाटात आजही ‘अनोळखी आवाज १’ ते ‘अनोळखी आवाज ११’ अशा अकरा फाइली आहेत. आवाज स्वच्छ आहे, माणसं विद्वान आहेत हे दोन वाक्यांत कळतं, पण कोण ते कुणालाच सांगता येत नाही. अशा मुलाखतीचा आधार घेऊन कोण काय लिहिणार?

तुमच्या कॅसेट अजून वर्षभर थांबतील. तुमच्या आई, वडिलांचे सहकारी, दैनिकाचे छायाचित्रकार थांबतीलच असं नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना चहा कुणी दिला? ‘हे तर अमुक सर, साखर दोन चमचे घ्यायचे’ अशी ओळख आईकडूनच मिळणार. आईसमोर साधा टेपरेकॉर्डर ठेवा, प्रत्येक कॅसेटची पहिली दोन मिनिटं ऐकवा आणि त्या जे सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांना न आठवणारी कॅसेट बाजूला ठेवून वडिलांच्या सहकाऱ्यांना ऐकवा. (त्याआधी ट्रंकेतल्या डांबरगोळ्या काढून टाका. त्यांच्या वाफेनं डब्यांचं प्लॅस्टिक चिकट होतं. आणि माळा नको. पत्र्याखालच्या उन्हापेक्षा आतल्या खोलीतलं लाकडी कपाट कितीतरी बरं.)

प्रत्येक कॅसेटला एक क्रमांक द्या आणि वहीत त्या क्रमांकापुढे लिहा: कोण बोलतंय, कोण विचारतंय, कुठे, कधी, आणि डब्यावर वडिलांनी काय लिहिलंय ते जसंच्या तसं, चुकीसकट. डब्यातली कागदी पट्टी दोन्ही बाजूंनी मोबाइलवर टिपून ठेवा. तारीख सापडत नसेल तर मागचे आवाज ऐका. आमच्याकडे एका भाषाभ्यासकाच्या मुलाखतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मागे शेजारच्या घरातला रेडिओ चालू होता आणि सकाळच्या प्रादेशिक बातम्यांत किल्लारीचं नाव येत होतं, मदतीच्या गाड्या, तात्पुरते निवारे. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचे लगेचचे दिवस. दुकानदार ‘आवाज स्वच्छ करून देतो’ म्हणतो ना, तो असाच रेडिओ पुसून टाकेल. मूळ फाइलवर कसलीही सफाई नको. हवी तर प्रत काढून तिच्यावर करा.

आता यंत्राकडे. डब्याच्या कडेवर ६०, ९० किंवा १२० असा आकडा असतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून मिनिटं. ६० ची फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असते, ९० ची १२ आणि १२० ची जेमतेम ९. पत्रकार मंडळींना कॅसेट मध्येच उलटायला नको म्हणून १२० फार आवडे, आणि आज यंत्रात गुंडाळी होऊन बसते ती हीच. तिला आधी हात लावू नका. अनुभवासाठी एखादी कमी महत्त्वाची ६० ची घ्या. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान टिकल्या असतात, त्या शाबूत असतील तर स्क्रूड्रायव्हरनं आधी मोडा. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वडिलांच्या मुलाखतीवर तुमच्या खोलीतला पंखा रेकॉर्ड होणार नाही. हसू नका, आमच्याकडे झालंय.

फीत दिसते तिथे, मधोमध, पितळी पट्टीवर फेल्टची इवलीशी गादी असते. ती फीत हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर, दाबून धरते. तीस-चाळीस वर्षांत गोंद सुकतो, गादी गळून पडते आणि आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. फितीला काही झालेलं नसतं. पाच स्क्रूवाली जुनी कॅसेट घ्या, ती उघडून तिची फीत काढा आणि वडिलांच्या कॅसेटची दोन्ही चाकं फितीसकट त्या रिकाम्या खोक्यात बसवा. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, नंतर दहा मिनिटं. वडिलांची कॅसेट स्क्रूची नसून चिकटवलेली असेल तर कडेच्या फटीतून पातळ पातं हळूच फिरवावं लागतं, ते काम मात्र सकाळी, डोकं शांत असताना करा. वर पांढरी बुरशी दिसली तर वाजवूच नका. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि जाणकाराला दाखवा, नाहीतर हेडवरून ती बाकीच्या चौसष्ट कॅसेटना लागेल.

डेक शक्यतो घरातला, वजनदार, जुना. ऑनलाइन मिळणारे यूएसबीवाले प्लॅस्टिकचे वॉकमन घेऊ नका, त्यांचा वेग डुलतो आणि माणूस बोलता बोलता किंचित प्यायल्यासारखा वाटतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आणि एक गोष्ट, जी दुकानदार कधीच करत नाही: हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेडचा तिरपेपणा बदलतो. वडिलांचा रेकॉर्डर आणि तुमचा डेक यांचे हेड एकाच कोनात असण्याचं काही कारण नाही. कानाला हेडफोन लावून तो स्क्रू केसभर फिरवा आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ऐका. ‘शिवशाहीच्या साधनांचा शोध’ असं काही कुणी बोलत असेल तर उत्तमच. एका जागी ती अक्षरं एकदम जाळीमागून बाहेर येतात. तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागतं, आणि एका मिनिटाच्या या कामानं जो फरक पडतो तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं पडत नाही.

कॅसेट वाजते तेवढाच वेळ नकलेला लागतो, त्याला आडवाट नाही. सगळ्या ९० च्या धरल्या तर साडेसत्त्याण्णव तास. रोज दोन तास दिले तर साधारण सात आठवडे. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. फाइल वेव्ह (आवाजातलं काही न गाळणारी), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन्ही चॅनल घेतले तर तासाला साधारण एक जीबी होतो, म्हणजे सगळं मिळून शंभर जीबी. आज त्याची किंमत ती काय! एमपी-थ्री ऐकायला, नातेवाइकांना पाठवायला जरूर करा, पण ती वेव्हपासून काढा. एमपी-थ्री करताना जे गाळलं जातं ते परत मिळत नाही.

प्रती तीन हव्यात: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी भावाकडे किंवा क्लाउडवर. पेन ड्राइव्ह ही फक्त नेण्या-आणण्याची वस्तू. २००३ साली आमच्या ग्रंथालयानं हौसेनं भरलेल्या सीडींपैकी निम्म्या आज वाचता येत नाहीत. आणि मोठ्या घरी ठेवलं की झालं, असंही समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि त्यांचा ध्वनिसंग्रह वेबवर दीर्घकाळ ऐकायला मिळेना. पुढच्याच ऑक्टोबरात इंटरनेट आर्काइव्ह हे जुनं साहित्य जपणारं संकेतस्थळही काही दिवस बंद पडलं.

शब्दांकन केलं की कॅसेटचं काय काम, हा विचार नवा नाही. १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं काम ॲलन नेव्हिन्स यांनी सुरू केलं. ते स्वतः आधी पत्रकार, मग इतिहासकार. पण तिथेही सुरुवातीची बरीच वर्षं टंकलिखित प्रत तयार झाली की फीत पुसून पुन्हा वापरत. कागद हाच पुरावा, अशी समजूत. म्हणून त्या काळातल्या कित्येकांचे शब्द आहेत, आवाज नाहीत. मराठीत तर कागदावर आवाजापेक्षाही जास्त काही हरवतं. एक वयोवृद्ध संपादक आमच्या टेपवर ‘त्या अग्रलेखाचं मला वाईट वाटलं’ असं म्हणतात, आणि ‘वाईट’च्या आधी सात सेकंद थांबतात. टंकलेखकानं ते सात सेकंद कसे लिहावेत? शिवाय शब्दांकन करणारा माणूस नकळत भाषा धुऊन काढतो. ‘मी गेलतो’ म्हटलेलं ‘मी गेलो होतो’ होतं. बोलीच्या अभ्यासकाची मुलाखत अशी धुतली तर हाती काय राहिलं?

मला एका तासाचं नीट शब्दांकन करायला सात-आठ तास लागतात. तुम्ही एवढ्यात त्या फंदात पडू नका. दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहा, ‘१०:०० – आणीबाणीतली सेन्सॉरशिप, कोरा अग्रलेख’ अशी. पुढे कुणी अभ्यासक आला तर त्याला हीच वही सोन्याची. संगणकाकडून शब्दांकन करून घेता येतं, पण तो आडनावांची आणि गावांची अशी काही वाट लावतो की तपासायला तेवढाच वेळ जातो.

आता अवघड भाग. पत्रकाराच्या टेपवर ‘हे छापू नका’ हमखास असतं. आमच्या एका कॅसेटमध्ये बोलणारे म्हणतात, ‘आता ते बंद कर,’ मग खट् असा आवाज येतो आणि बोलणं चालूच राहतं. दाबलं गेलं ते भलतंच बटण. ते पुढचं मी ऐकलंय, कुणाला ऐकवलेलं नाही. फाइलीवर ‘बंद’ असं लिहून कुठल्या वर्षापर्यंत ते टाकलंय.

शब्द दिला की तो किती दिवस पाळता येतो, याचा धडा अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजला मिळाला. २००१ ते २००६ मध्ये तिथे उत्तर आयर्लंडच्या संघर्षात प्रत्यक्ष उतरलेल्या माणसांच्या मुलाखती जमवल्या गेल्या. प्रकल्प चालवणारे एड मोलोनी पत्रकार. आयआरए या ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या लोकांच्या मुलाखती घेणारे अँथनी मॅकिन्टायर स्वतः त्याच संघर्षात तुरुंगवास भोगून नंतर पीएचडी केलेले. तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बाहेर जाणार नाही, असा शब्द मुलाखत देणाऱ्यांना दिला होता. २०११ मध्ये १९७२ च्या एका खुनाच्या तपासासाठी ब्रिटनच्या बाजूनं मागणी आली, अमेरिकेत समन्स निघालं आणि काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. तुमच्या ट्रंकेत बंदुका नसतील, पण कुणी कुणाच्या जमिनीबद्दल, कुणाच्या लग्नाबद्दल, कुठल्या पुढाऱ्यानं बातमी कशी दाबली याबद्दल बोललेलं असेल, आणि त्यांतले काहीजण किंवा त्यांची मुलं त्याच गावात राहतात. सरसकट यूट्यूबवर टाकू नका. बोलणारे हयात असतील तर त्यांची, नसतील तर घरच्यांची लेखी परवानगी घ्या: ऐकू द्यावं का, वेबवर टाकावं का, काही भाग गाळावा का. साधं एक पान पुरतं. कायद्याचं म्हणाल तर आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या व्याख्येत नट, गायक, कसरती करणारे, गारुडी यांच्या पंगतीला व्याख्यान देणाराही बसवलाय. सोफ्यावर बसून गप्पा मारणारे संशोधक त्या पंगतीत येतात की नाही ते वकिलांना ठरवू द्या, तुमच्याकडे सही असली की प्रश्न उरत नाही.

संस्थेला द्यायचं असेल तर प्रत द्या, मूळ नव्हे. एका संस्थेला आमच्या ओळखीच्या एकांनी सगळ्या मूळ कॅसेट दिल्या. तीन वर्षांनी गेले तर त्यांवर स्नेहसंमेलनातली गाणी होती. देताना यादी जोडा, पोच घ्या, आणि ‘बंद’ लिहिलेल्या फाइली कशा सांभाळणार हे विचारा. उत्तर देताना समोरचा गोंधळला तर निमूट परत या. दिल्लीचं तीन मूर्ती भवनातलं संग्रहालय १९६६ पासून मौखिक इतिहास जमवतंय, पण त्याचा रोख राष्ट्रीय चळवळीवर. विज्ञानातल्या अभ्यासकांच्या मुलाखती असतील तर बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राचं अभिलेखागार बघा. जिल्ह्याच्या पत्रकारितेसाठी मात्र तुमच्याच विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाला किंवा जुन्या ग्रंथालयाला विचारणं शहाणपणाचं, कारण त्या मुलाखतींतली गल्लीबोळांची नावं तिथेच कुणाला तरी कळतील.

दुकानदाराकडेच द्यायचं ठरवलंत तर त्याला तीन गोष्टी विचारा. वेव्ह फाइल देणार का? हेड दर कॅसेटला जुळवणार का? एका वेळी पाचच कॅसेट घेणार का? तिन्हींना हो म्हणाला तर पहिल्या पाच द्या, त्याही ‘ही नाही मिळाली तरी चालेल’ अशा. आईंनी ओळखलेला सगळ्यात जुना आवाज मात्र घरीच, तुम्ही स्वतः, सगळ्यात शेवटी. तोवर तुमचा हात बसलेला असेल.