अमेरिकेत राज्याच्या अपील न्यायालयातल्या न्यायाधीशाची कारकीर्द कशी असते?

मी वकील नाही, ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरातला साधा मतदार आहे. पण इथे मतपत्रिकेच्या शेपटाला न्यायाधीशांची लांबलचक यादी येते, म्हणून हा विषय थोडाफार वाचावा लागला. प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी, काही ठिकाणी तर चक्क निवडणूक लढवावी लागते. मी ॲरिझोनाचंच सांगतो.

सँड्रा डे ओ'कॉनर यांचं उदाहरण घ्या. देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश म्हणून त्या सर्वांना माहीत आहेत, पण त्याआधी त्या इथल्याच अपील न्यायालयात होत्या. १९५२ मध्ये स्टॅनफर्डची कायद्याची पदवी घेतली, तर वकिलीच्या कंपन्या बाईला दारात उभं करेनात. एकीने देऊ केली ती सेक्रेटरीची नोकरी! शेवटी कॅलिफोर्नियात एका काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाच्या) सरकारी वकिलाकडे बिनपगारी सुरुवात केली. पुढे ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाच्या नेत्या झाल्या, मग १९७४ मध्ये मॅरिकोपा काउंटीच्या कोर्टावर निवडून आल्या. १९७९ मध्ये गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी त्यांना अपील न्यायालयात नेमलं. बॅबिट डेमोक्रॅट, बाई रिपब्लिकन, हे आज वाचताना गंमत वाटते.

काम मात्र सिनेमातल्या कोर्टासारखं नाही. साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही. तिघांचं खंडपीठ खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वाचतं, वकिलांचा युक्तिवाद ऐकतं आणि कायदा लावताना चूक झाली का एवढंच बघतं. घटस्फोट, कामगारांची नुकसानभरपाई, फौजदारी अपिलं असा सगळा माल. दिवसाचा मोठा भाग वाचण्यात आणि निकालपत्र लिहिण्यात जातो. बहुतेक प्रकरणं इथेच संपतात, कारण राज्याचं सर्वोच्च न्यायालय मोजकीच हातात घेतं. म्हणून माझ्या मते सामान्य माणसासाठी हेच कोर्ट जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं याच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं.

नेमणुकीसाठी एक समिती नावं सुचवते, त्यातून गव्हर्नर निवडतो. त्यानंतर मतदार ठरवतात: ठेवायचा की नाही. समोर प्रतिस्पर्धी नसतो. मुदत ६ वर्षांची, निवृत्ती ७० व्या वर्षी. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ ला निवृत्त होतात आणि मतदाराला कुणी विचारत नाही.

ओ'कॉनरबाई तिथे दोन वर्षंही नव्हत्या. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेलं, देशाच्या सिनेटने ९९-० मतांनी मान्यता दिली.

ॲरिझोनात न्यायाधीश ठेवायचा की नाही यावर ठराविक मुदतीने होणारी ही मतदानाची पद्धत बंद करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला होता. लोकांनी तो सपशेल फेटाळला. माझंही मत विरोधातच होतं, यादी कितीही कंटाळवाणी असली तरी.