लॅपटॉप जुना, पाऊस नवा

प्रश्न: फोंड्यात राहतो, २०१५ चा लॅपटॉप, विंडोज १० सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो, नवीन घेऊ का? त्यात पावसात लाईट सारखी जाते-येते.

उत्तर: थांबा हो, इतक्यात नको! आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी (डेटा साठवणारी, हार्ड डिस्कपेक्षा वेगवान चिप-ड्राइव्ह) बसवा, फरक लगेच कळेल. मात्र विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ ला एवढा जुना प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून बघा, बिलं भरायला, मेल बघायला पुरे. आणि गडगडायला लागलं की चार्जर सॉकेटमधून काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही, राउटरची वायरसुद्धा काढा, ती सगळे विसरतात (चवथीच्या तोंडावर माझा राउटर असाच गेला).