कोड फुकटच आहे, मग कंपनी विकत काय घेणार?

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: फौंड्र्यांसाठी (धातूचं ओतकाम करणाऱ्या कारखान्यांसाठी) तुम्ही दोघांनी केलेलं, जीपीएलखाली (कोड कुणीही वापरावा, बदलावा, पण पुढे वाटताना तोही खुलाच ठेवावा, असं लायसन) खुलं ठेवलेलं सॉफ्टवेअर एका मोठ्या कंपनीला हवंय, तर किंमत किती सांगायची? किमतीचं नंतर बघू. आधी तुमच्या हातात विकण्यासारखं काय आहे ते तपासा.

कोड कुणीही उतरवून घेतो, त्याचे पैसे कोण देणार? पैसे मिळतात ते कॉपीराइटचे, नावाचे, दरवर्षी सपोर्टची फी भरणाऱ्या गिऱ्हाइकांचे. सन मायक्रोसिस्टम्सने २००८ मध्ये मायएसक्यूएल ही डेटाबेस सॉफ्टवेअरची कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली. तिचाही कोड जीपीएलखालीच होता, पण कॉपीराइट कंपनीकडे एकवटलेला होता. म्हणून ज्यांना स्वतःचा कोड उघडा करायचा नव्हता, त्यांना वेगळं व्यापारी लायसन विकता यायचं.

तुमचं तसं आहे का? हीट नंबरवरून (भट्टीतल्या रसाच्या प्रत्येक खेपेचा क्रमांक) नापास झालेल्या मालाचं मूळ शोधणारा भाग बाहेरच्या मुलाकडून करून घेतला म्हणतोस. पगारी माणसाने नोकरीत लिहिलेला कोड, उलट करार नसेल तर, मालकाचा. फ्रीलान्सरचं तसं नाही. त्याचं बिल चुकतं केलं तरी कॉपीराइट त्याचाच. लेखी, सहीनिशी करून घेतला तरच तो तुमच्याकडे येतो. त्यातही कॉपीराइट कायद्याचं कलम १९ बघा: मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांपुरतं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. घेणाऱ्याचा वकील पहिलं बोट इथेच ठेवतो. (कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडचा तयार मसुदा यात उपयोगाचा नाही, वकीलच गाठा.) पॅच (कोडातल्या छोट्या दुरुस्त्या) पाठवून गायब झालेल्यांचा कोड एकतर नव्याने लिहून काढा, नाहीतर तो जीपीएलमध्येच राहणार हे आधीच सांगून टाका. भाव थोडा उतरेल, पण सौदा ऐनवेळी फिसकटणार नाही.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव-शिरोलीच्या गिऱ्हाइकांचं काय होईल, ही तुझी काळजी मला फारशी पटत नाही. जीपीएलखाली दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. सन कंपनी ओरॅकलकडे जायच्या सुमारास मायएसक्यूएलचे संस्थापक मॉन्टी विडेनियस यांनी त्याच कोडवरून मारियाडीबी ही वेगळी डेटाबेस उभी केली. मोठ्या कंपन्यांना हा इतिहास पाठ आहे, म्हणून करारात स्पर्धाबंदी (विकल्यावर तुम्ही तसाच धंदा करायचा नाही, अशी अट) येणारच. नोकरी सोडल्यानंतरची बंदी आपल्याकडे सहसा टिकत नाही, पण करार कायद्याच्या कलम २७ मध्ये गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि पत, विकणाऱ्यासाठी अपवाद आहे. वाजवी बंदी टिकते. त्यात फौंड्र्यांना नुसता सल्ला देणंही अडकतंय का, ते शब्दन् शब्द वाच.

रक्कम एकदम मिळत नाही. काही भाग अडकवून ठेवतात, काही तुम्ही तिथे टिकलात तर देतात. त्या तारखा आकड्याइतक्याच ताणून धरा.

आणि फर्म आहे की प्रायव्हेट लिमिटेड, हे लिहिलं नाहीस. भागीदारी फर्मला विकायला शेअरच नसतात, मग सगळी मांडणी बदलते, करही. तेवढं सीएला विचारून इथे टाक.