आधी भिंत की आधी पडदे? इंटिरियर डिझायनर आणि डेकोरेटर यांतून निवड करताना

तुम्ही विचारले आहे की बारावी झाली, घर सजवण्याची आणि रंग-कापड निवडण्याची आवड आहे, गणित मात्र नकोसे वाटते, आणि वडिलांचे म्हणणे असे की एक वर्षाचा डेकोरेशनचा कोर्स करून कामाला लागावे. तर मग चार वर्षे घालून इंटिरियर डिझायनर व्हावे का? मी नागपुरात गेली अठरा वर्षे हे काम करते आहे आणि माझी सुरुवात नेमकी तुमचे वडील सांगतात त्याच वाटेने झाली, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे ‘डेकोरेटर’ची पाटी दिसली की लोकांना बिछायत केंद्र आठवते: मंडप, खुर्च्या, लग्नाचा स्टेज. तोही चांगला चालणारा धंदा आहे, पण तुमच्या प्रश्नातला डेकोरेटर वेगळा. बांधून तयार असलेल्या खोलीसाठी पडदे, सोफ्याचे कापड, रंग, गालिचे, दिवे आणि सुटे फर्निचर निवडून त्यांची मांडणी करणे हे त्याचे काम. डिझायनर हे सगळे करतोच, पण त्याचे काम बरेच आधी सुरू होते. कोणती भिंत पाडता येईल आणि कोणत्या भिंतीला हात लावायचा नाही, पाण्याची आणि विजेची लाइन कुठून न्यायची, फॉल्स सीलिंग किती खाली घ्यायचे, ओट्याची उंची किती ठेवायची, दार कोणत्या बाजूला उघडायचे, हे तो नकाशावर काढतो, आणि ती रेघ चुकली तर जाब त्यालाच विचारला जातो.

एक खोली घेऊन सांगते. नागपुरातल्या बऱ्याच घरांत वास्तुशास्त्राच्या आग्रहामुळे मोठी बेडरूम नैर्ऋत्य कोपऱ्यात असते, म्हणजे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की दुपारचे ऊन ज्या कोपऱ्यावर तापते नेमकी तिथेच. डेकोरेटरकडे यावर उपाय जाड अस्तराच्या पडद्याचा. तो उजेड अडवतो, पण काचेतून आत आलेली उष्णता पडदा आणि काच यांच्यामध्ये साठून शेवटी खोलीतच उतरते. डिझायनर ऊन काचेच्या बाहेरच अडवायला पाहतो, तिथे छज्जा किंवा उभ्या पट्ट्या देतो, कपाटाची पूर्ण रांग पश्चिमेच्या भिंतीला लावून ती भिंत झाकून टाकतो, पलंग दुसऱ्या भिंतीला नेतो आणि एसीसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन काढतो. पडदा तोही लावतो, मात्र सगळ्यात शेवटी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. एक वर्षाचा कोर्स संपवून मी गांधीबागेतून कापड घेऊन पडदे आणि सोफ्यांची कामे करत होते. मनीषनगरच्या एका काकूंनी पडद्यांचे काम देताना सहज म्हटले, ‘‘तुझ्याकडे मिस्त्री आहेच, तर एक कपाटही करून दे ना बेटा.’’ डिसेंबर महिना होता. मी नकाशा काढला नाही, रंगांचे नमुने तेवढे दाखवले, आणि खिडकीला लागून सुंदर फिकट सनमायकाचे कपाट उभे केले. मार्चच्या शेवटी त्याच खिडकीत कूलर बसला. नागपुरात तो कुठे तरी बसणारच होता, हे मला सुचायला हवे होते. कपाटाला मी साधा कमर्शियल प्लाय वापरला होता, आणि कूलरची ओली हवा दिवसरात्र त्याच्या कडेवर आदळत राहिली. शिवाय कूलरच्या हवेला बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी लागते, आणि तिच्यावर मी दुहेरी पडदा चढवून ठेवला होता, त्यामुळे खोलीत थंडाव्याऐवजी नुसती चिपचिप. जूनमध्ये काकूंचा फोन आला. दार दोन सूत वाकले होते आणि लागत नव्हते. ते कपाट मी माझ्या पैशाने पुन्हा करून दिले. या वेळी आयएस 710 च्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायमध्ये, खिडकीपासून दूर. काकू एक शब्द वावगा बोलल्या नाहीत, उलट चहा पाजला, आणि त्यानेच जास्त लाज वाटली. त्यानंतर मी काम करता करता दोन वर्षांचा डिझाइनचा डिप्लोमा केला.

यातून माझे मत असे झाले आहे की निदान आपल्या शहरात या दोन वाटा तुम्हाला फार काळ वेगळ्या राहू देत नाहीत. पडद्यासाठी आलेले गिऱ्हाईक कपाट मागते, कपाटानंतर किचन मागते, आणि किचन आले की नळ, वायर, चिमणीचा पाइप आणि बीम सगळेच येते. तुम्हाला अडवणारे कोणी नसते. ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद 1972 च्या वास्तुविशारद कायद्याने राखीव आहे आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत इंटिरियर डिझायनरलाही परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते. आपल्याकडे ‘इंटिरियर डिझायनर’ हे शब्द पाटीवर कोणीही लिहू शकतो. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संस्था 1972 पासून आहे, तिची नागपूर शाखाही आहे, पण तिचे सभासदत्व म्हणजे सरकारी परवाना नव्हे. म्हणून एक वर्षाच्या कोर्सनंतर कायद्याने तुमचे काही अडणार नाही, अडेल ते साइटवर.

पैशाबद्दल वडिलांना उत्तर द्यावे लागेल, तेव्हा तेही स्पष्ट लिहिते. नुसत्या सल्ल्याचे, नुसत्या आवडीनिवडीचे पैसे मागितले की इथे अजूनही ऐकायला मिळते, ‘‘डिझाइनचे कायचे पैसे? काम तर तुम्हालाच देतो आहे.’’ त्यामुळे केवळ डेकोरेशन करणाऱ्याची कमाई बऱ्याचदा कापड आणि वस्तूंवरच्या नफ्यातून, किंवा दुकानदार बिलामागे देतो त्या कमिशनमधून होते. हे कमिशन गिऱ्हाइकाला सांगून घेतले तर त्यात वाईट काही नाही. न सांगता घेतले की हळूहळू तुमची निवडच बदलते, आणि जे कापड शोभते त्यापेक्षा ज्यात जास्त पैसे सुटतात तेच दाखवू लागता. नकाशाची फी मात्र मागता येते, कारण हातात कागद असतो: प्लॅन, एलिव्हेशन म्हणजे भिंतीचे समोरून काढलेले चित्र, विजेचे पॉइंट, मापे. कामही डेकोरेशनमध्ये दसरा-दिवाळी आणि वास्तुशांतीच्या मुहूर्तांभोवती गोळा होते, मधले महिने रिकामे जातात.

म्हणून डेकोरेशन कमी प्रतीचे आहे असे कृपया समजू नका. काही जणांना कापडाची जी नजर असते ती चार वर्षांच्या पदवीने येत नाही. असे लोक हॉटेलांची आणि मोठ्या बंगल्यांची सजावट इतर डिझायनरांसोबत करतात आणि उत्तम कमावतात. तुमचा हात खरोखर कापडावर आणि रंगावर चालत असेल आणि धूळ, प्लंबर आणि लकडगंजच्या लाकूडबाजाराच्या फेऱ्या नको वाटत असतील, तर एक वर्षाचा कोर्स करा, एखाद्या चांगल्या फर्निशिंगच्या दुकानात दोन वर्षे नोकरी करा, आणि कपाटाचे काम आले की ते डिझायनरकडे पाठवा. ही शेवटची अट सोडू नका. पण आवड ‘घर कसे चालते’ याची असेल तर पदवी घ्या. बी. डेस. (डिझाइनची पदवी) चार वर्षांचे असते, बी. आर्क. (आर्किटेक्टची पदवी) पाच वर्षांचे, त्यासाठी नाटा ही प्रवेश परीक्षा आहे. नागपुरात व्हीएनआयटीसारखी संस्थाही आहे, पण तिथला प्रवेश नाटावर नव्हे, जेईई मेनच्या बी. आर्क. पेपरवर होतो. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमात वर्किंग ड्रॉइंग (मिस्त्रीला काम करता येईल असे मापांचे नकाशे), साहित्याची माहिती आणि साइटवरचे काम किती आहे तेवढे पाहा. फक्त मूड बोर्ड (रंग-कापडाच्या नमुन्यांचे फलक) आणि संगणकावरची झगमगीत चित्रे शिकवणाऱ्या ठिकाणी चार वर्षे घालू नका.

राहिले गणित. या कामात कलनशास्त्र लागत नाही. आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या शीटमधून कपाटाचे तुकडे कसे कापले म्हणजे कमीत कमी वाया जाईल, चार फूट अकरा इंच उंचीच्या बाईसाठी 34 इंचांचा ओटा उंच पडतो तर किती कमी करायचा, एवढेच ते असते. आमचा मिस्त्री आठवीच शिकला आहे, पण खोलीचा कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे तो टेप लावून तपासतो: एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले पाहिजे. पायथागोरसचे नाव त्याला ठाऊक नाही, प्रमेय मात्र रोज वापरतो.

कोर्सचा फॉर्म भरण्याआधी आपल्याच घरातल्या एका खोलीवर हे करून पाहा. चारही कोपरे तपासा, दार, खिडकी, स्विच, पंख्याचा हुक यांची मापे घेऊन खोली वहीच्या चौकटीच्या कागदावर काढा. एखादा कोपरा अर्धा-एक इंच गुण्याबाहेर नक्की निघेल. तो सापडल्यावर तुम्हाला कटकट वाटली की तिथे कपाट कसे बसवायचे याचा विचार सुरू झाला, ते इथेच खाली लिहा, म्हणजे मला आणखी नेमके सांगता येईल. आणि टेप स्टीलचा घ्या. शिंप्याचा कापडी टेप ताणला जातो आणि माप चुकते.